६२५ मधले १२५ : अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हच्या गोळीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ६८. हाताला मांजर चावले, दुसऱ्या दिवशी हात लाल होऊन सुजला. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिडची ६२५ ची गोळी दर आठ तासांनी, सात दिवस लिहून दिली. आज चौथा दिवस. सूज बरीच उतरली आहे, पण कालपासून दिवसाला चार-पाच पातळ जुलाब होत आहेत. गोळी बंद करावी का? घरात आधीच्या ३७५ च्या गोळ्या उरल्या आहेत, त्या ‘हलक्या’ म्हणून दोन-दोन दिल्या तर चालतील का? की साधी अमॉक्सिसिलिन ५०० द्यावी? शिवाय वडील हृदयासाठी वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेतात.

आधी आज करायचे ते सांगतो, कारणे नंतर. गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि बदलूही नका, पण डॉक्टरांना आजच फोन करा. फोनवर वॉरफरिनचा उल्लेख सगळ्यात आधी करा. शौचातून रक्त पडत असेल, पोटात जोराची कळ येत असेल, ताप असेल, लघवी कमी झाली असेल किंवा वडील गळून गेले असतील, तर फोनवर न थांबता त्यांना दाखवायला घेऊन जा. अशा वेळी पुढची गोळी द्यायची की नाही, हे तपासणाऱ्यानेच ठरवायचे.

तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टींचा उलगडा एकाच जागी होतो. स्ट्रिपवरचा ६२५ हा आकडा एका औषधाचा नाही, ती बेरीज आहे. ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्हुलॅनिक ॲसिड. जंतू मारण्याचे काम अमॉक्सिसिलिन करते. जिवाणूच्या पेशीभोवतीची भिंत बांधू न देणे, ही त्याची पद्धत. पण बरेच जिवाणू बीटा-लॅक्टमेज नावाचे विकर (एन्झाइम) तयार करतात आणि ते अमॉक्सिसिलिनच्या रेणूतले मर्माचे कडेच फोडून टाकते. क्लॅव्ह (सगळे जण त्याला असेच म्हणतात) या विकराला चिकटते आणि त्याला कायमचे निकामी करते, स्वतःही त्यातच संपते. स्वतः जंतू मारण्याची त्याची ताकद अगदी क्षीण. तो पहारेकरी आहे, शिपाई नव्हे.

म्हणून ‘डबल औषध आहे, म्हणजे जास्त स्ट्रॉंग’ ही समजूत सोडून द्यावी लागते. जंतू ते विकर बनवत असेल, तिथेच क्लॅव्हचा उपयोग. घसादुखीला कारण ठरणारा स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस ते बनवतच नाही. तो साध्या पेनिसिलिनने मरतो, तिथे क्लॅव्ह घालून फक्त पोट बिघडते. न्यूमोनियाचा जिवाणू न्यूमोकोकस औषधाला दाद देईनासा होतो तो भिंत बांधणारी आपली प्रथिने बदलून, विकर सोडून नव्हे. एमआरएसएचेही (मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूचेही) तसेच, तिथे विकर अडवून काही साधत नाही. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला भिंतच नाही. आणि सर्दी, फ्लू हे विषाणूंचे आजार, त्यांच्यावर या गोळीचा काडीचाही परिणाम होत नाही.

मांजराचा चावा मात्र या गोळीची खरी जागा आहे. मांजराच्या तोंडातला पाश्चुरेला मल्टोसिडा सहसा नुसत्या अमॉक्सिसिलिननेही मरतो. अडचण अशी की त्याच जखमेत स्टॅफिलोकोकस असतो, हवेविना वाढणारे जिवाणूही असतात, आणि त्यांच्यातले पुष्कळ जण ते विकर सोडतात. साधी अमॉक्सिसिलिन ५०० दिली तर निम्मे जंतू मरतील आणि उरलेले औषधच फोडतील. आणखी एक चूक इथे नेहमी होते. घरात उरलेले सेफॅलेक्सिन किंवा एरिथ्रोमायसिन ‘तेही अँटिबायोटिकच’ म्हणून दिले जाते. त्वचेच्या इतर संसर्गात त्यांचा उपयोग होत असेल, पण पाश्चुरेलावर दोन्ही कमकुवत पडतात. म्हणून साध्या अमॉक्सिसिलिनच्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे.

आता ३७५. ती गोळी २५० अधिक १२५ अशी असते. दोन घेतल्या की अमॉक्सिसिलिन ५०० बरोबर होते, पण क्लॅव्ह २५० होते, म्हणजे हवे त्याच्या दुप्पट. दिवसातून तीनदा असे केले तर ३७५ ऐवजी ७५० मिलिग्रॅम क्लॅव्ह पोटात जाते. या गोळीने होणाऱ्या जुलाबांमागे मुख्य हात क्लॅव्हचाच असतो. म्हणजे जुलाब कमी व्हावेत म्हणून तुम्ही जो उपाय शोधला, तो ते वाढवणारा आहे. उलट दिशेचीही एक चूक सांगून ठेवतो. काही स्ट्रिपवर १००० किंवा १ ग्रॅम लिहिलेले असते. ती ८७५ अधिक १२५ असते आणि सहसा १२ तासांनी घ्यायची असते. ती अर्धी तोडून ६२५ होत नाही. अर्ध्यात साधारण ४३७ अधिक ६२ उरते. याशिवाय हळूहळू विरघळणारी १००० अधिक ६२.५ ची गोळीही असते, तिचाही अर्धा भाग डोस म्हणून घ्यायचा नसतो. तेव्हा स्ट्रिपवरचा मोठा आकडा सोडून त्याखालची बारीक अक्षरांतली फोड वाचायची सवय लावा. दोन्ही घटकांचे मिलिग्रॅम तिथे वेगवेगळे छापलेले असतात.

हे गणित कळले की डॉक्टरांशी नेमके बोलता येते. ६२५ दिवसातून तीनदा म्हणजे क्लॅव्ह दिवसाला ३७५, तर ८७५ अधिक १२५ ची गोळी दिवसातून दोनदा म्हणजे क्लॅव्ह २५०. दोनदाच्या पद्धतीत जुलाब कमी होतात, हे तपासून पाहिलेले आहे. म्हणून ‘जुलाब होत आहेत, दोन वेळची गोळी चालेल का?’ हा प्रश्न फोनवर जरूर विचारा. उत्तर वडिलांच्या किडनीवर अवलंबून राहील. किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली असेल तर ८७५ ची गोळी देत नाहीत. ५०० अधिक १२५ चीच देतात, तीही १२ तासांनी, आणि क्षमता १० च्या खाली गेली असेल तर २४ तासांनी. ६८ व्या वर्षी क्रिएटिनिनचा (किडनीचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) अलीकडचा रिपोर्ट हाताशी असेल तर तोही वाचून दाखवा.

जुलाबांकडे परत येतो, कारण यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली साधी. क्लॅव्ह आतड्याची हालचाल वाढवते, आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंची घडी विस्कटते, शौच पातळ होते. दिवसाला एक-दोनदा पातळ झाली, माणूस जेवतो-खातो आहे, पाणी पितो आहे, तर गोळी सुरू ठेवता येते. जुलाबासाठी जलसंजीवनी द्यावी, तीही पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावी. दुसरी गोष्ट गंभीर. नेहमीचे जिवाणू मेले की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जिवाणू आतड्यात माजतो आणि विष सोडतो. ६५ च्या पुढच्या माणसांत हा धोका जास्त. पाण्यासारखे जुलाब दिवसाला तीन किंवा जास्त, सोबत कळ आणि ताप, अशी त्याची सुरुवात असते, आणि अँटिबायोटिक संपल्यानंतर दोन महिन्यांनीही ती होऊ शकते. चार-पाच जुलाब आणि ६८ वर्षे, या जोडीमुळेच मी आजच्या आज फोन करा म्हणालो. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी आपणहून देऊ नका. हा दुसरा प्रकार असेल तर विष आतच कोंडले जाते.

वॉरफरिनचा संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. अँटिबायोटिकमुळे काहींमध्ये वॉरफरिनचा परिणाम वाढतो. त्यात जुलाब लागले आणि जेवण कमी झाले की व्हिटॅमिन के कमी मिळते, त्यानेही रक्त आणखी पातळ होते. आयएनआर तपासणी (रक्त किती पातळ झाले आहे ते दाखवणारी) अँटिबायोटिक सुरू झाल्यापासून तीन ते पाच दिवसांत करून घ्यावी, आणि कोर्स संपल्यावर पुन्हा एकदा, कारण तेव्हा आकडा परत खाली येऊ शकतो. तुमचा चौथा दिवस आहे, म्हणजे तपासणीची वेळ आलेली आहे. हिरड्यांतून रक्त, लघवी लाल, शौच डांबरासारखे काळे, कारण नसताना काळे-निळे डाग, डोक्याला मार लागणे, यांपैकी काहीही झाले तर थेट दवाखाना गाठा. वॉरफरिनची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, हेही तितकेच महत्त्वाचे. ज्याच्यासाठी ती चालू आहे, त्या गुठळीचा धोका काही सुट्टीवर जात नाही.

आणखी काही औषधे आहेत जी गोळी लिहून घेतानाच सांगायला हवीत. मेथोट्रेक्झेट किडनीतून बाहेर पडण्याचे प्रमाण कमी होऊन शरीरात साठते. गाऊटसाठी ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर पुरळ उठण्याची शक्यता वाढते. प्रोबेनेसिड अमॉक्सिसिलिनला शरीरातून लवकर बाहेर पडू देत नाही. मायकोफेनोलेट घेणाऱ्यांनी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. गर्भनिरोधक गोळ्यांबाबत अजूनही जुनी भीती ऐकू येते. ही अँटिबायोटिक स्वतः त्या गोळीचा परिणाम घालवत नाही, मात्र उलट्या किंवा जोराचे जुलाब झाले तर गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जात नाही, तेवढ्या दिवसांत दुसरी काळजी घ्यावी.

गोळी घेण्याची वेळ हा वरवर साधा, पण सगळ्यात जास्त चुकणारा भाग. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह दोन्ही रक्तातून झपाट्याने कमी होतात, साधारण दर तासाला निम्मी. आणि या जातीचे औषध किती जोरात आदळले यापेक्षा किती वेळ पुरेशा पातळीवर टिकले, यावर जंतू मरतात. ‘दिवसातून तीनदा’ म्हणजे बहुतेक घरांत सकाळी नऊ, दुपारी एक आणि रात्री आठ होते. मग रात्री आठ ते सकाळी नऊ असे तेरा तास जंतूंना मोकळे रान मिळते. सकाळी ७, दुपारी ३, रात्री ११ अशा वेळा बांधा. अर्धा-एक तास इकडे-तिकडे झाला तर बिघडत नाही.

प्रत्येक वेळी घास-दोन घास खायला सुरुवात करतानाच गोळी घ्या. जेवणाच्या आरंभी घेतली की क्लॅव्ह चांगले शोषले जाते आणि पोटालाही कमी त्रास होतो. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ वाढते. तेलकट, जड जेवण सुरू केल्यावर अर्ध्या तासाने किंवा नंतर घेतली तर क्लॅव्हचे शोषण घटते. म्हणजे ‘जेवणानंतर’ असे ढोबळ लिहिलेले असले तरी जेवायला बसतानाची गोळी त्याहून बरी. सोबत भरपूर पाणी. एखादी गोळी चुकली तर आठवताच घ्या, पुढची वेळ जवळच आली असेल तर चुकलेली सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम नकोत.

क्लॅव्हला ओलावा अजिबात सोसत नाही. म्हणूनच या गोळ्या जाड फॉइलमध्ये बंद असतात. आठवड्याच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत काढून ठेवणे इतर औषधांना चालते, हिला नाही. खायच्या वेळीच फॉइल फोडा. ओल्या हाताने धरू नका, स्वयंपाकघरातल्या वाफेजवळ किंवा न्हाणीघरातल्या कपाटात ठेवू नका. गोळी पिवळी-तपकिरी, डागाळलेली किंवा ठिसूळ दिसली तर ती घेऊ नका. अमॉक्सिसिलिन कदाचित ठीक असेलही, पण पहारेकरी विरघळून गेलेला असेल. तुमच्या घरातल्या जुन्या ३७५ च्या गोळ्यांवरचा माझा हा दुसरा आक्षेप.

इथवरचे एकदा जुळवून घ्या : ६२५ चीच गोळी, आठ तासांनी, खायला सुरुवात करताना, स्ट्रिपमधून थेट, फोन आज, आयएनआर आज किंवा उद्या, ३७५ दोन-दोन नाही, साधी ५०० नाही.

किती दिवस घ्यायची, हे संसर्गावर आणि माणसावर ठरते. चाव्याच्या संसर्गाला बहुधा पाच ते सात दिवस लागतात. ‘कोर्स पूर्ण करा’ हे वाक्य सगळीकडे सारखे लागू नाही. बऱ्याच आजारांत लहान कोर्स तितकाच काम करतो, हे आता माहीत आहे, आणि गरजेपेक्षा जास्त दिवस घेतल्याने आतड्यातले जिवाणू निष्कारण प्रतिकार शिकतात. पण दिवस कमी करायचे ते जखम बघून डॉक्टरांनी. चौथ्या दिवशी सूज उतरणे म्हणजे औषध लागू पडते आहे, आतले जंतू संपले असे नव्हे. मांजराचे दात सुईसारखे, वरून भोक बारीक आणि आत खोल. वरची त्वचा आधी मिटते.

म्हणूनच हाताचा चावा मी हलका मानत नाही. बोट आपोआप वाकून राहते आहे, सरळ करायला गेले की कळ येते, बोट सबंध लांबीला सुजले आहे, सांधा हलवता येत नाही, लाल रेघ हातावर वर सरकते आहे, किंवा ४८ तास गोळी घेऊनही फरक नाही, यांपैकी काही दिसले तर कंडरेच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणात किंवा सांध्यात पू साठत असण्याची शक्यता असते. पू झाला की कितीही गोळ्या दिल्या तरी तो आपोआप जात नाही, काढावाच लागतो. पेनाने लालीची कड आखून ठेवा आणि रोज त्याच वेळी पाहा. डोळ्याच्या अंदाजापेक्षा ती रेघ खरी.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात आलेलीच नाही, आणि तीच जीवावर बेतणारी आहे. ही गोळी रेबीजवर काहीच करत नाही. चावल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुतली होती का, रेबीजच्या लसीबद्दल आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांनी काही ठरवले होते का? नसेल ठरले तर अजूनही उशीर झालेला नाही, आजच विचारा. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रेबीजवर इलाज उरत नाही.

ॲलर्जीचे दोन शब्द. गोळी घेतल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात अंगावर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, घशात आवळल्यासारखे होणे, छातीत घरघर, चक्कर असे झाले तर ती आणीबाणी समजा. गोळी बंद, आणि लगेच रुग्णवाहिका. पाच-सहा दिवसांनी उठणारे सपाट तांबूस पुरळ वेगळे असते, ते खऱ्या ॲलर्जीचे असेलच असे नाही. ग्रंथींच्या तापात, म्हणजे इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिसमध्ये, अमॉक्सिसिलिन दिले की असे पुरळ पुष्कळदा दिसते. पण फोड आले, कातडी सुटू लागली, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा झाल्या, तर थांबायचे नाही. मात्र नुसत्या जुलाबांना ‘ॲलर्जी’ म्हणून कागदावर लिहू देऊ नका. ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ हा शिक्का एकदा बसला की पुढे आयुष्यभर दुय्यम औषधे वाट्याला येतात. असा शिक्का असलेल्यांपैकी बहुतेकांना तपासणीत खरी ॲलर्जी सापडत नाही.

शेवटची गोष्ट यकृताची, तीही क्लॅव्हच्याच खात्यावर. क्वचित, पण वयस्क पुरुषांत आणि लांबलेल्या कोर्समध्ये जास्त, पित्ताचा प्रवाह अडून कावीळ होते. ती गोळ्या चालू असताना होते किंवा संपल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा. तेव्हा सगळ्यांना गोळी विसरायला झालेली असते आणि कारण भलतीकडे शोधले जाते. पूर्वी या गोळीने कावीळ झाली असेल तर ती पुन्हा कधीच द्यायची नसते. म्हणून शेवटची गोळी ज्या दिवशी दिली जाईल ती तारीख वडिलांच्या फाइलवर लिहून ठेवा. पुढच्या दीड-दोन महिन्यांत अंगाला खाज, लघवी गडद, शौच पांढुरके किंवा डोळे पिवळे दिसले, तर ती तारीख डॉक्टरांना दाखवा. उरलेल्या ३७५ च्या गोळ्या औषधांच्या दुकानात विचारून नष्ट करायला द्या.